वाचून दाखवणारे यंत्र आणि डिस्लेक्सियाचा विद्यार्थी

बुद्धी आणि दृष्टी शाबूत असताना व पुरेसे शिक्षण मिळूनही लिखित अक्षरांची ध्वनींशी सांगड घालणे विलक्षण कष्टाचे जाते, त्या अध्ययन अक्षमतेला डिस्लेक्सिया म्हणतात. हे नाव जर्मन नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी १८८७ मध्ये मेंदूविकाराने वाचनशक्ती गमावलेल्या प्रौढांसाठी योजले होते. शाळकरी मुलातील जन्मजात अडचणीचे वर्णन इंग्लंडमधील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. सारे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार विद्यार्थी ठरला असता, हे त्या चौदा वर्षांच्या मुलाविषयीचे त्याच्या शिक्षकांचे मत मॉर्गन यांनी आवर्जून नोंदवले आहे. पुढच्या शतकातील उपायाचे बीज या निरीक्षणातच होते; परंतु छापील मजकूर तोंडी करून देणारे साधन तेव्हा नव्हते आणि जेव्हा आले, तेव्हा ते या मुलांसाठी आले नाही.

ते दृष्टिहीनांसाठी आले. महायुद्धात दृष्टी गमावलेल्या अमेरिकी सैनिकांना महाविद्यालयात शिकता यावे म्हणून १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘रेकॉर्डिंग फॉर द ब्लाइंड’ ही संस्था उभी राहिली आणि स्वयंसेवक तिच्यासाठी पाठ्यपुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करू लागले. १९७६ मध्ये रे कुर्झवाइल यांनी जगापुढे मांडलेल्या वाचनयंत्रात पानाची प्रतिमा टिपणारा स्कॅनर, निरनिराळ्या वळणांची छापील अक्षरे ओळखणारी संगणकप्रणाली आणि ओळखलेला मजकूर उच्चारणारा कृत्रिम आवाज ही तिन्ही अंगे एकत्र आली. वर उल्लेखिलेल्या संस्थेच्या नावात डिस्लेक्सियाग्रस्तांचा समावेश मात्र १९९५ मध्ये, स्थापनेनंतर ४७ वर्षांनी झाला, हा विलंब दुर्लक्षाची खोली दाखवतो.

१९९६ च्या ‘कुर्झवाइल ३०००’ या संगणकप्रणालीने या उसन्या साधनाला नवे वळण दिले. दृष्टिहीन वाचकाच्या दृष्टीने आवाज हा पानाचा पर्याय असतो. येथे मात्र पान पडद्यावर तसेच राहते आणि उच्चारला जाणारा शब्द त्याच क्षणी रंगाने उठून दिसतो. त्यामुळे शब्दाचे रूप आणि त्याचा ध्वनी विद्यार्थ्यासमोर एकत्र येतात, अक्षरे उलगडण्यात खर्च होणारी शक्ती अर्थ समजून घेण्यासाठी मोकळी राहते आणि तो दुसऱ्या कोणावर अवलंबून न राहता हवा तो उतारा हवा तितक्या वेळा ऐकू शकतो. या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोलाची पायरी हीच होय.

ही प्रणाली आली त्याच वर्षी, म्हणजे १९९६ मध्ये, महाराष्ट्र शासनाने देशात प्रथमच अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत जादा वेळ, लेखनिकाची मदत आणि शुद्धलेखनाच्या चुकांबाबत सूट अशा सवलती अधिकृतपणे दिल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या अक्षमतेला देशभर मान्यता दिली. या सवलतींनी असंख्य मुलांना आधार दिला, तरी लेखनिकाच्या तोंडून ऐकणे आणि स्वतः वाचणे यांतले अंतर तसेच राहिले.

मराठीच्या बाबतीत यंत्रासमोरच्या अडचणीही निराळ्या आहेत. रोमन लिपीत छापील अक्षरे सुटी असतात. देवनागरीत शिरोरेषा त्यांना जोडते, मात्रा वर-खाली येतात, ऱ्हस्व इकार व्यंजनाआधी लिहिला जाऊन नंतर उच्चारला जातो आणि जोडाक्षरांची रूपे बदलतात, त्यामुळे अक्षरे वेगळी करून ओळखणेच अवघड होते. मूळ मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेतांक देणाऱ्या पद्धतीत मिळाला, तर ही अडचण उरतच नाही. कायद्याचीही आडकाठी नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारतीय कॉपीराइट कायदा दिव्यांगांसाठी अशी रूपांतरे करू देतो आणि वाचन अक्षम व्यक्तींनाही सामावून घेणाऱ्या २०१३ च्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश ठरला. तेव्हा मराठी प्रकाशकांनी प्रत्येक शालेय पुस्तकाची युनिकोड प्रत छापील प्रतीबरोबरच उपलब्ध करून द्यावी.