मोटारीच्या मागची गाडी

ओझें ओढावें कसें हें मनुष्य फार प्राचीन काळीं शिकला. परंतु ओढीत आणलेलें ओझें आवरावें कसें, हें शिकावयास त्याला पुष्कळ काळ लागला. आपल्याकडील जाणता गाडीवान साटींत पोतीं रचतांना भार कोठें पडतो तें आधीं पाहतो. भार मागें गेला तर गाडी उलाळ होते, जूं वर उचललें जातें आणि बैलांच्या गळ्याशीं पट्टे आवळतात. भार फार पुढें आला तर बैलांच्या मानांवर सारें ओझें येतें. म्हणून तो भार आंसाच्या किंचित् पुढें ठेवतो. बैलाच्या चालीनें चालणाऱ्या गाडीचा हा साधा नियम मोटारीच्या मागें दुसरी गाडी, म्हणजे ट्रेलर, जोडणाऱ्यांना ठेचा खाऊन पुन्हां नव्यानें शिकावा लागला.

इंग्लंडांत डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त आरमारी वैद्यानें सन १८८५ मध्यें ब्रिस्टल येथील कारखान्यांतून ‘वाँडरर’ नांवाचें चाकांवरचें घर बांधवून घेतलें आणि दोन घोडे जोडून तो थेट स्कॉटलंडपर्यंत फिरून आला. घोडा नुसता ओढीत नाहीं. उतारावर तो मागें रेलून गाडीला थोपवितोही. शिवाय त्याची चालच अशी कीं, भार रचण्यांतील चूक जिवावर बेतण्यापूर्वीं लक्षांत यावी. मोटार आली आणि हीं दोन्ही संरक्षणें नाहींशीं झालीं. तिचा वेग मोठा, आणि तिचा ब्रेक केवळ तिच्यापुरता.

सन १९१४ मध्यें अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं फ्रेडरिक सिब्ली या लांकडाच्या व्यापाऱ्याला आपली नाव फोर्ड मोटारीनें सरोवरापर्यंत न्यावयाची होती. ऑगस्ट फ्रुहॉफ नांवाच्या लोहारानें त्याला दोन चाकांची गाडी करून दिली. तिचा पुढचा भार मोटारीवर टेकत असे. सिब्लीला ती इतकी पसंत पडली कीं, त्यानें लांकडाच्या वाहतुकीसाठींही तशाच गाड्या करवून घेतल्या. पहिल्या महायुद्धानंतर, सन १९१९ मध्यें, बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीनें मोटारीमागें ओढावयाचीं घरें विक्रीसाठीं बांधावयास घेतलीं. जर्मनींत सन १९३१ मध्यें आरिस्ट डेथलेफ्स या चाबकाच्या कारखानदारानें, व्यापाराच्या फिरतींत आपली चित्रकार सहचारिणीही बरोबर असावी म्हणून, असेंच एक घर बांधलें. घोड्यांचे चाबूक करणाऱ्या घराण्यानेंच घोड्यावांचून चालणारें घर बांधावें, ही काळाची मौज होय.

रस्ते सुधारले, वेग वाढला आणि दोष उघडा पडला. ट्रेलरच्या मागील बाजूस भार जास्त झाला कीं, वाऱ्याच्या झोतानें अगर सुकाणूच्या लहानशा हिसक्यानें तो डावीउजवीकडे डोलूं लागतो. एका मर्यादेपर्यंतच्या वेगांत ही डोल आपोआप मावळते. त्या मर्यादेपलीकडे प्रत्येक हेलकावा आधींच्याहून मोठा होत जातो आणि मागची गाडी पुढच्या गाडीला फरफटत नेते. अशा वेळीं नवशिका चालक वेग वाढवून गाडी सरळ करूं पाहतो अथवा चक्र गरगर फिरवितो. दोन्ही उपाय घातक. पाय वेगाच्या पट्टीवरून काढावा, चक्र सरळ व स्थिर धरावें आणि गति हळूहळू उतरूं द्यावी, हाच मार्ग. खरा उपाय मात्र निघण्यापूर्वींचा आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाचा सुमारें १० ते १५ टक्के भार जोडणीवर पडावा, असें अमेरिकेंतील जाणकार सांगतात. म्हणजे हजार किलोच्या ट्रेलरमागें शंभर ते दीडशें किलो. युरोपांतील जोडण्यांवर याहून कमी भार ठेवतात.

दुसरा प्रश्न जोडणीचा. सन १९३० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत जर्मनींतील वेस्टफालिया कारखान्यानें लोखंडी गोळा व त्यावर बसणारी वाटी अशी जोडणी काढली. ती सर्व दिशांना वळे, परंतु सुटत नसे. युरोपांत या गोळ्याचा व्यास ५० मिलिमीटर ठरला. अमेरिकेंत मात्र पावणेदोन इंचांहून अष्टमांश इंचानें मोठा, दोन इंची आणि त्याहूनही मोठे असे निरनिराळे गोळे चालू राहिले. दोन इंची वाटी लहान गोळ्यावर बसल्यासारखी दिसते आणि खड्डा येतांच उडते. म्हणून दांडीखालून दोन सांखळ्या एकमेकींस छेदून बांधण्याची पद्धत पडली. जोडणी निसटलीच तर दांडी त्या सांखळ्यांच्या फांसांत पडते, रस्त्यांत रुतत नाहीं.

तिसरा प्रश्न थांबविण्याचा. यावर युरोपांत जो उपाय रूढ झाला, त्यांत ओझ्याचेंच बळ ओझ्याविरुद्ध वापरलेलें आहे. मोटार मंदावली कीं, ट्रेलर तिला मागून रेटतो. तोच रेटा सळईच्या द्वारें ट्रेलरच्या चाकांना ब्रेक लावतो. युरोपांत आज ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक नसला तरी चालतो. त्यापुढें तो सक्तीचा आहे.

परंतु नियम जाणणारा एक आणि गाडी जोडणारा दुसरा, अशी स्थिति लवकरच आली. सन १९४५ मध्यें लिओनार्ड शोएन व ॲना मेरी शोएन या अमेरिकन दांपत्यानें ट्रेलर भाड्यानें देण्याचा धंदा सुरू केला. एका गांवीं घ्यावा, दुसऱ्या गांवीं सोडावा. यामुळें ज्यानें जन्मांत कधीं ट्रेलर ओढला नाहीं असा गृहस्थही संसार लादून निघूं लागला. शंभरांतील साठ भाग ओझें पुढच्या अर्ध्यांत ठेवा, ही सूचना आज त्या धंद्यांत गिऱ्हाइकाला आवर्जून दिली जाते, ती यासाठींच.

आतां कांहीं मोटारींत डोल ओळखून चाकांना निरनिराळा ब्रेक लावणारीं विजेचीं यंत्रेंही आलीं आहेत. तथापि चुकीचा रचलेला भार तीं यंत्रें पुढें सरकवीत नाहींत आणि लहान गोळ्यावर मोठी वाटी घट्टही करीत नाहींत. तें काम निघण्यापूर्वीं गाडीभोंवतीं एक फेरी मारणाऱ्या मनुष्याचेंच राहिलें आहे. कारण मागच्या गाडींत सामान असलें, तरी पुढच्या गाडींत त्याचींच मुलेंबाळें बसलेलीं असतात.