हलती चित्रे लहान पेटीत कशी मावली



मागे एकदा आमच्या ओळखीचे एक शिक्षक माझ्याकडे आले. हातात मोबाइल, चेहरा उतरलेला. त्यांच्या आईने जात्यावर बसून म्हटलेल्या ओव्या त्यांनी कधी काळी व्हिडिओ करून ठेवल्या होत्या. आई पुढे वारली. मूळ फाइल जागा अडते म्हणून कुणीतरी पुसून टाकली. राहिली ती नातेवाइकांत फिरून फिरून परत आलेली एक प्रत. आवाज ओळखू येत होता. पण आईच्या चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन हलत होते. "हे चौकोन काढून आईचा चेहरा पुन्हा आणता येईल का हो?" असे त्यांनी विचारले.

मला नाही म्हणावे लागले. नाही का म्हणावे लागले, हे सांगायचे तर थोडा इतिहास सांगितला पाहिजे. आजच्या भाषणात तोच सांगणार आहे.

प्रथम अडचण काय होती ती पाहू. पडद्यावरचे चित्र बारीक बिंदूंचे असते. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीच्या दूरचित्रवाणीचे चित्र आकड्यांत मांडायचे म्हटले, तर आडवे ७२० आणि उभे ५७६ बिंदू धरतात. गुणाकार करा, चार लाखांवर बिंदू झाले. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी तीन आकडे, म्हणजे तीन बाइट. आणि चित्र हलते दिसावे म्हणून सेकंदाला अशी २५ चित्रे. हिशेब होतो सेकंदाला ३ कोटी ११ लाख बाइट! गाण्यांची जी चकती आपण सीडी म्हणून ओळखतो, तिच्यावर अशा चित्राची पुरती २५ सेकंदेसुद्धा मावली नसती. मग त्याच चकतीवर पुढे तासाभराचा सिनेमा कसा मावला?

या कोड्याची उकल एका माणसाने केली नाही. अनेकांनी एकेक गाठ सोडवली.

पहिली गाठ तारायंत्राच्या काळातली. मोर्सच्या लिपीत इंग्रजी 'ई' या अक्षराला नुसता एक ठिपका आहे, कारण ते अक्षर फार वेळा येते. क्वचित येणाऱ्या अक्षरांना लांबलचक खुणा. जे वारंवार लागते ते थोडक्यात सांगावे, हा यातला व्यवहार. १९४८ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतल्या क्लॉड शॅनन यांनी या व्यवहाराचे गणित मांडले. निरोप किती आखडता येतो आणि कोणत्या मर्यादेपलीकडे आखडता येत नाही, हे त्यांनी सिद्ध करून दाखवले. मग एमआयटी या संस्थेत प्राध्यापक फॅनो यांनी विद्यार्थ्यांना मुभा दिली की, परीक्षा द्या नाही तर एक प्रश्न सोडवून आणा. डेव्हिड हफमन या विद्यार्थ्याने प्रश्न घेतला. तो काही सुटेना, तेव्हा परीक्षेचाच अभ्यास करावा असे त्याच्या मनात येऊ लागले, आणि तेवढ्यात उत्तर सुचले. १९५२ साली ते छापून आले. सर्वांत आखूड खुणा कशा वाटून द्याव्यात याची ती रीत आजही आपल्या फायलींत राबते आहे.

ही रीत म्हणजे घोंगडीची घडी. घडी घातली, जागा कमी लागली. उलगडली की घोंगडी जशीच्या तशी. एक धागाही गेला नाही. परंतु चित्रांच्या डोंगरापुढे एवढी घडी पुरेना.

दुसरी गाठ सोडवली आपल्याच देशातून गेलेल्या एका माणसाने. नासिर अहमद यांचा जन्म १९४० साली बंगळूरला झाला. पुढे ते अमेरिकेत कॅन्सास राज्याच्या विद्यापीठात शिकवू लागले. १९७२ साली त्यांनी एका नव्या गणिती रीतीसाठी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे पैसे मागितले. पैसे मिळाले नाहीत. कल्पना फारच सोपी आहे, असा एका परीक्षकाचा अभिप्राय पडला! अहमदांनी काम सोडले नाही. त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि सहकारी के. आर. राव यांच्यासह १९७४ च्या जानेवारीत त्यांनी अवघ्या चार पानांचा निबंध प्रसिद्ध केला.

ती रीत काय, हे शेतावरून सांगतो. एका तुकड्याचे वर्णन करायचे आहे. एक मार्ग असा की, दर वितीवर काठी रोवून प्रत्येक ठिकाणची उंची लिहायची. दुसरा मार्ग असा की, आधी शेताची सरासरी उंची सांगायची, मग उतार, मग सऱ्या-वरंबे आणि शेवटी ढेकळे. लांबून पाहणाऱ्याला उंची आणि उतार कळला की शेत कळले. ढेकळे थोडी वगळली तरी बिघडत नाही. अहमदांच्या रीतीने चित्राच्या तुकड्याचे असेच वर्णन होते. पुढे तुकडा आठ बिंदू लांब आणि आठ रुंद असा धरण्याची चाल पडली. त्यातली बारीक ढेकळे डोळ्याला फारशी जाणवत नाहीत, म्हणून ती ढोबळ लिहितात किंवा सोडूनच देतात.

डोळ्याचा आणखी एक स्वभाव उपयोगी पडला. आपल्याला उजेड-सावली बारीक दिसते, रंग मात्र तितका बारीक दिसत नाही. रंगीत दूरचित्रवाणी काढणाऱ्यांनी १९५० नंतरच्या दशकातच याचा फायदा घेतला होता. आताच्या फायलींतही उजेडाचा आकडा प्रत्येक बिंदूला, तर रंगाचे आकडे बहुधा चार बिंदूंत मिळून एकदाच लिहितात. एवढ्यानेच निम्मा भार उतरतो.

पण लक्षात घ्या, ही आता घोंगडीची घडी राहिली नाही. हा उसाचा रस आटवून केलेला गूळ झाला. गूळ टिकतो, जागा थोडी घेतो, गोडीही देतो. पण गुळाचा पुन्हा रस होत नाही. जे सोडले ते गेले.

तिसरी गाठ हलत्या चित्राची. हेडमास्तरांनी विचारले, "आज वर्गात कोण कोण आहे?" तर गुरुजी बेचाळीस नावे वाचत बसत नाहीत. म्हणतात, "काल होती तीच मुले; फक्त गणू आला नाही आणि सखू आज आली." चित्रांचेही तसेच. माळावरून बैलगाडी चालली आहे. माळ तोच, आभाळ तेच. मग दर वेळी माळ कशाला लिहायचा? 'मागचेच चित्र घ्या, गाडी तेवढी चार बिंदू उजवीकडे सरकवा' असे लिहिले की काम भागते. मधूनमधून एक चित्र पुरते लिहावे लागते, नाहीतर फाइल अधूनच उघडणाऱ्याला 'काल' म्हणजे कोणता काल ते कसे कळणार?

या साऱ्या गाठी एकत्र बांधून १९८८ साली 'एच २६१' नावाचे मानक ठरले. ते टेलिफोनच्या तारेवरून समोरासमोर बोलण्यासाठी होते. त्याच साली लिओनार्दो किआरिलियोने आणि हिरोशी यासुदा यांच्या पुढाकाराने 'एमपेग' हे तज्ज्ञांचे मंडळ बसले. त्यांचे पहिले मानक १९९३ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच साली व्हिडिओ सीडी आली. चित्राचे बिंदू आधीच चौथाईवर आणले होते. त्यातला रंगाचा भार उतरल्यावर जे उरले, तेही सुमारे पंचविसाव्या हिश्शावर आले. म्हणून चकतीवर ७४ मिनिटे मावली. आपल्याकडे मराठी नाटक-सिनेमांच्या दोन-दोन, तीन-तीन चकत्यांची पाकिटे बाजारात मिळत, ती आठवत असतील. त्यामागे हा हिशेब होता.

पुढे डीव्हीडीसाठी दुसरे मानक आले. २००३ साली 'एच २६४' आले, २०१३ साली त्याचा धाकटा भाऊ 'एच २६५', आणि २०१८ साली हक्काचे पैसे न मागणारे 'एव्ही वन'. दर पिढीत तोच गूळ आणखी लहान ढेपेत बसू लागला.

आता एक घोटाळा दूर करू. फाइलीच्या नावामागे एव्हीआय, एमओव्ही, एमपी फोर, एमकेव्ही अशी शेपटी असते. पुष्कळांना वाटते की ही दाबण्याची रीत. तसे नाही. हा नुसता डबा. आत चित्र, आवाज, मथळे एकत्र रचून ठेवलेले असतात. आतला पदार्थ कोणत्या रीतीने केला, ते वेगळे. अ‍ॅपल कंपनीने १९९१ साली क्विकटाइम हा डबा काढला, मायक्रोसॉफ्टने १९९२ साली एव्हीआय काढला. क्विकटाइमच्या आराखड्यावरूनच एमपी फोर बेतला गेला. म्हणून एकाच शेपटीच्या दोन फायलींपैकी एक मोबाइलवर चालते, दुसरी चालत नाही. डबा ओळखीचा असतो, आतला पदार्थ ओळखीचा नसतो. अशा वेळी कित्येक जण फाइलीचे नावच बदलून पाहतात. डब्यावर 'साखर' अशी चिठ्ठी डकवल्याने आतले मीठ गोड होते का? पदार्थ ओळखणारा दुसरा प्लेअर घ्यावा; व्हीएलसीसारखे फुकट मिळणारेही आहेत. डबा बदलण्यात नुकसान नाही. पदार्थ पुन्हा आटवला की मात्र थोडा जळतोच.

आता आमच्या शिक्षकांच्या फायलीचे काय झाले ते ध्यानात येईल. मोबाइलने पहिल्यांदा आटवले, ते ठीक होते. पण संदेशाच्या अ‍ॅपमधून व्हिडिओ पाठवला की बहुधा तो पुन्हा आटवला जातो. कुणी तो कापला, त्यावर नाव घातले, पुढे पाठवला, की आणखी एकदा. दर खेपेला ढेकळे गेली, मग वरंबे गेले, शेवटी एकेका चौकोनाची नुसती सरासरी उंची राहिली. आईचा चेहरा वरंब्यांत आणि ढेकळांत होता. तो कोणते यंत्र परत आणणार? एखादे नवे यंत्र चौकोन पुसून तिथे गुळगुळीत चेहरा काढून देईलही. पण तो त्याने अंदाजाने रेखलेला चेहरा असेल, त्यांच्या आईचा नव्हे.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझे सांगणे आहे. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा आपण कितीतरी पाठ मोबाइलवर केले. गावोगावी म्हाताऱ्याकोताऱ्यांची गाणी, जत्रा, शाळेची संमेलने आपण रोज टिपतो आहोत. ती मूळ फाइल हीच आपली बियाण्याची कणगी समजा. तारेने जोडून ती जशीच्या तशी संगणकावर उतरवा. दोन ठिकाणी, दोन वेगळ्या घरी ठेवा. पाठवायची झाली तर अ‍ॅपमध्ये 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे ती बहुधा आटवली जात नाही. कापाकापी करायची ती प्रतीवर करा. गूळ वाटायला हरकत नाही. बेणे मात्र राखून ठेवावे.

ते शिक्षक त्या दिवशी निघताना म्हणाले, "आवाज तरी राहिला." मग त्यांनी माझ्यासमोरच ती फाइल दोन ठिकाणी उतरवून घेतली. एवढे आपणही आज घरी गेल्यावर करावे.