रुग्णसुरक्षा व्यवस्थापक : लहान रुग्णालयांतील मोठी जबाबदारी

विरार पूर्वेकडील मनवेलपाड्यासारख्या दाट वस्तीत आजारपणात पहिला आधार असतो तो जवळच्या लहान रुग्णालयाचा. मात्र उपचार घेताना रुग्णाला नवी इजा होऊ नये, हे पाहणारा रुग्णसुरक्षा व्यवस्थापक स्वतंत्रपणे नेमणे अशा रुग्णालयांना सहसा परवडत नाही. हे काम बहुधा मेट्रनकडेच सोपविले जाते.

औषध देण्यापूर्वी नाव आणि नोंदणी क्रमांक या दोन्ही खुणांनी रुग्णाची ओळख पटविली जाते का, सारख्या नावांची औषधे वेगळी ठेवली आहेत का, हात धुण्याचा नियम पाळला जातो का, याची रोज तपासणी करावी लागते. थोडक्यात टळलेल्या चुकीचीही नोंद व्हावी, असा आग्रह धरावा लागतो. कारण शिक्षेच्या भीतीने दडविलेली चूक पुन्हा घडते. 'एनएबीएच' या मानांकन संस्थेने ५० खाटांपर्यंतच्या रुग्णालयांसाठी स्वतंत्र मानके ठरविली आहेत.

इमारतीची सुरक्षाही याच कक्षेत येते. २३ एप्रिल २०२१ रोजी पहाटे विरार पश्चिमेतील विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून त्या दिवशी १३ करोनाबाधितांचा मृत्यू झाला. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये सादर करणे बंधनकारक आहे. मात्र ती यंत्रणा हाताळू शकणारा कर्मचारी रात्रपाळीला हजर आहे की नाही, हे प्रमाणपत्रावरून कळत नाही. ते पाहण्यासाठीच जबाबदार व्यक्ती हवी.