वसाहतकालीन ऐतिहासिक कथेचे अध्यापन (भिवंडी)

इयत्ता पाचवी ते सातवीच्या मुलांना इंग्रजी अमदानीतील लोकजीवन कथा-कादंबरीतून शिकवण्याची पद्धती. बालभारतीच्या २०१५ ते २०१८ दरम्यान आलेल्या पुस्तकांत आधुनिक भारताचा इतिहास आठवीत येतो. तोवरची उणीव अशी कथा भरून काढू शकते.

भिवंडीत (जि. ठाणे) त्यासाठी विषय हाताशी आहे. १८५७ च्या उठावानंतर उत्तर भारतातील मोमीन विणकर येथे येऊन स्थिरावले. अशा विणकराच्या मुलाची गोष्ट वाचताना फळ्यावर दोन रकाने आखावेत : घडलेले आणि रचलेले. उठाव, हातमाग पहिल्यात. मुलाचे नाव, आईने बांधून दिलेली शिदोरी दुसऱ्यात. खरी मेहनत पुढे आहे. १८५८ मधला नायक कानपूरहून थेट आगगाडीने कल्याणला उतरला, तर मुलांनी लेखकाला अडवावे : कल्याणपर्यंत रेल्वे १८५४ मध्ये आली खरी, पण मुंबई–अलाहाबाद लोहमार्ग १८७० मध्ये जोडला गेला. त्या काळात यंत्रमागाची खडखड ऐकू आली, तरी तीच चूक. यंत्रमाग येथे विसाव्या शतकात आले.

मराठीबरोबर उर्दू, तेलुगू बोलणारी मुले येथे शिकतात. त्यांच्या आजी-आजोबांच्या स्थलांतराच्या आठवणी शिक्षकांनी या तासाला जरूर मागवाव्यात; पाठ्यपुस्तकात त्या मिळत नाहीत.