प्रतिष्ठेच्या नावाखालील हिंसा : ब्रिटनमधील स्थलांतरित समाज

घराण्याची, बिरादरीची किंवा जमातीची अब्रू राखायची म्हणून घरच्याच माणसांनी लेकीसुनांवर केलेली सक्ती, छळ, मारहाण आणि हत्या. वर्तमानपत्रांत पोचते ती हत्या; पण हत्या ही या साखळीची शेवटची कडी असते. तिच्या आधी बरेच काही घडून गेलेले असते : येण्याजाण्यावर पाळत, मोबाइल काढून घेणे, शाळा-कॉलेज बंद करणे, खोलीत कोंडणे, मायदेशी नेऊन लग्न लावून देणे, घराबाहेर पडलेल्या मुलीशी सर्वांनी संबंध तोडणे. ब्रिटनमध्ये पंजाबी शीख, पाकिस्तानी, बांगलादेशी, कुर्दी, तुर्की, इराणी, अफगाण, सोमाली अशा अनेक समाजांत अशी प्रकरणे नोंदली गेली असून हिंदू कुटुंबेही त्याला अपवाद नाहीत. या हिंसेचे मूळ एका धर्मग्रंथात शोधणे चुकीचे आहे. ते स्त्रीच्या देहावर कुळाची मालकी मानणाऱ्या समजुतीत आहे.

संज्ञा : ब्रिटनमधील पंजाबी व पाकिस्तानी घरांत ‘इज्जत’ आणि ‘शरम’, तर कुर्दी व तुर्की घरांत ‘नामूस’ हे शब्द वापरले जातात. मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. बलात्काराला ‘अब्रू लुटणे’ म्हणणारी आपली भाषाही कुळाची पत बाईच्या शरीरात ठेवते; गुन्हा करणारा पुरुष असतो आणि अब्रू जाते ती मात्र तिची. म्हणूनच अनेक कार्यकर्त्या ‘प्रतिष्ठा’ हा शब्द अवतरणचिन्हांतच लिहितात. खुनाला खुन्याने दिलेले नाव आपण का वापरावे, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे.

स्वरूप : नेहमीच्या कौटुंबिक हिंसेत बहुधा एकटा नवरा वा जोडीदार हात उगारतो. इथे वडील, भाऊ, काका, चुलतभाऊ, सासू असे अनेकजण सामील असतात. घरात बैठक बसते, निर्णय होतो, कामे वाटली जातात. आई आणि सासूही त्यात भाग घेतात, कारण मुलगी ‘बिघडली’ तर पहिला ठपका त्यांच्यावर येतो. धाकट्या भावाला बहिणीचा पहारेकरी करतात. बसथांब्यावर ती कोणाशी बोलत होती, हे ती घरी पोचण्याआधीच कोणीतरी कळवलेले असते. निमित्ते साधी असतात : ठरवलेल्या लग्नाला नकार, आपल्या पसंतीचा जोडीदार, घटस्फोटाची मागणी, नोकरी, कपडे. समलिंगी तरुण-तरुणी आणि मुलीने निवडलेला मुलगा हेही लक्ष्य होतात. पळून गेलेल्या मुलीचा शोध घेणारेही बहुधा आप्तच असल्याने एका गावातून दुसऱ्या गावी जाऊनही तिला सुरक्षितता लाभत नाही.

स्थलांतराचा संदर्भ : दुसऱ्या महायुद्धानंतर पंजाबातून साउथॉलला, मंगला धरणात गावे बुडालेल्या मीरपूरमधून ब्रॅडफर्डसारख्या गिरणीगावांत आणि सिल्हेटमधून पूर्व लंडनमध्ये माणसे गेली, कुर्दी निर्वासित नंतर आले. बाहेर वंशद्वेष, अपमान आणि दगडफेक. अशा वेळी चार गल्ल्यांत वसलेली बिरादरीच नोकरी, उधारी, घर आणि आधार देई. ज्या बिरादरीवर सगळे अवलंबून, तिच्या नजरेतून उतरणे कुटुंबाला परवडत नसे आणि त्या भीतीची किंमत मुलींनी चुकवली. परक्या देशात मुले हातची जातील या धास्तीने लग्नाची घाई होई. मायदेशच्या नातलगाला व्हिसा मिळवून देण्याचे साधन म्हणूनही मुलीचे लग्न वापरले गेले.

लग्न करून ब्रिटनला आलेल्या सुनेची कोंडी वेगळी. तिचा पासपोर्ट सासरच्यांच्या कपाटात, राहण्याचा हक्क नवऱ्याच्या व्हिसावर आणि सरकारी मदत घेण्यास मनाई. आश्रयगृहातील जागेचे भाडे बहुधा सरकारी भत्त्यातून भरले जात असल्याने अशा बाईला तिथेही दार बंद होई. २००२ पासून हिंसापीडित पत्नींना स्वतंत्रपणे कायम राहण्याचा अर्ज करण्याची आणि २०१२ पासून त्या अर्जाच्या काळात तात्पुरती मदत मिळवण्याची वाट खुली झाली. ही वाट मुख्यतः नवऱ्याच्या विशिष्ट व्हिसावर आलेल्यांसाठी आहे. इतर अनेकजणी अजूनही तिच्या बाहेर राहतात.

प्रमुख प्रकरणे : हीथ्रो विमानतळावर सीमाशुल्क खात्यात काम करणारी, दोन मुलांची आई सुरजित कौर अठवाल हिला घटस्फोट हवा होता. डिसेंबर १९९८ मध्ये लग्नसमारंभाचे निमित्त करून तिला पंजाबात नेण्यात आले आणि तिथे तिची हत्या झाली. तिचा मृतदेह कधीच मिळाला नाही. २००७ मध्ये लंडनच्या न्यायालयात तिचा नवरा आणि सत्तरीची सासू दोषी ठरली.

वॉरिंग्टनची शफीलिया अहमद सतरा वर्षांची होती. २००३ मध्ये तिला पाकिस्तानात नेले असता ती ब्लीच प्यायली व तिच्या घशाला गंभीर इजा झाली. परतल्यानंतर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती बेपत्ता झाली आणि फेब्रुवारी २००४ मध्ये कंब्रियात नदीकाठी तिचा मृतदेह सापडला. घरात काय घडले ते भावंडांनी पाहिले होते. बहिणीने तोंड उघडायला सात वर्षे जावी लागली आणि २०१२ मध्ये आईवडिलांना जन्मठेप झाली.

दक्षिण लंडनमधील बनाझ महमूद या वीस वर्षांच्या कुर्दी तरुणीने छळाचे लग्न मोडले आणि स्वतःच्या पसंतीचा जोडीदार निवडला. ती पोलिसांकडे वारंवार गेली. आपल्याला कोण मारणार त्यांची नावेही तिने लिहून दिली. ३१ डिसेंबर २००५ रोजी वडिलांच्या तावडीतून निसटताना तिने हाताने खिडकीची काच फोडली. रक्ताळलेल्या अवस्थेतील त्या मुलीचे म्हणणे महिला पोलीस अधिकाऱ्याला खरे वाटले नाही. उलट फुटलेल्या काचेबद्दल तिच्यावरच गुन्हा नोंदवावा का, याचा विचार झाला. रुग्णालयात तिच्या मित्राने तिचे बोलणे मोबाइलवर चित्रित केले. जानेवारी २००६ मध्ये तिची हत्या झाली आणि तेच चित्रण खटल्यात तिची साक्ष ठरले. वडील व काका २००७ मध्ये दोषी ठरले. इराकला पळालेल्या दोन मारेकऱ्यांना ब्रिटनमध्ये परत आणून २०१० मध्ये शिक्षा देण्यात आली.

स्त्रियांचे संघटन : या हिंसेविरुद्ध पहिला आवाज त्याच समाजांतल्या स्त्रियांनी उठवला. १९७९ मध्ये साउथॉलमध्ये ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ ही आशियाई व कॅरिबियन स्त्रियांची संघटना सुरू झाली. घरातले घाण कपडे गोऱ्यांसमोर धुता, असा आरोप झेलत तिने वंशद्वेषाविरुद्ध आणि घरातल्या जुलमाविरुद्ध एकाच वेळी लढा दिला. ठरवलेले लग्न नाकारून घर सोडलेल्या जसविंदर संघेरा यांनी १९९३ मध्ये ‘कर्म निर्वाण’ ही संस्था स्थापन केली. इराणी व कुर्दी स्त्रियांसाठीची संस्था २००२ मध्ये डायना नम्मी यांनी लंडनमध्ये उभी केली.

सुटीच्या नावाखाली परदेशी लग्नासाठी नेल्या जाणाऱ्या मुलींना ‘कर्म निर्वाण’ने एक साधा उपाय सांगितला : अंतर्वस्त्रात धातूचा चमचा लपवा. विमानतळावरील तपासणीत यंत्र वाजते, मुलीला वेगळ्या खोलीत नेतात आणि घरच्यांच्या नजरेआड एका अधिकाऱ्याशी बोलण्याची तिला संधी मिळते. ती संधी बहुधा एकच असते. म्हणून शिक्षक, डॉक्टर, पोलीस यांना ‘एकच संधी’ हा नियम शिकवला जातो : मुलगी आज बोलली, तर आजच ऐका, तिच्या आईवडिलांना बोलावून खातरजमा करू नका.

कायदा : १९९९ मध्ये गृहखात्याने सक्तीच्या लग्नांबाबत कार्यगट नेमला. मुलगी आणि कुटुंब यांच्यात ‘समेट’ घडवण्याचा पर्याय त्याने खुला ठेवल्यावर साउथॉल ब्लॅक सिस्टर्सच्या हन्नाना सिद्दीकी त्यातून बाहेर पडल्या. २००५ मध्ये परराष्ट्र व गृह खात्यांनी मिळून सक्तीच्या विवाहांविरुद्ध खास कक्ष उघडला. २००७ च्या कायद्याने न्यायालयाला संरक्षण आदेश देण्याचा, पासपोर्ट जमा करून घेण्याचा अधिकार मिळाला. नोव्हेंबर २००८ पासून तो लागू झाला. पुढच्याच महिन्यात, या कायद्याखाली आदेश निघाल्यावर, आईवडिलांनी ढाक्यात अडकवून ठेवलेल्या लंडनमधील एका तरुण डॉक्टरची ढाक्याच्या उच्च न्यायालयाने सुटका केली. जून २०१४ पासून इंग्लंड व वेल्समध्ये लग्नाची सक्ती हा सात वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा गुन्हा आहे. २०२३ मध्ये तिथे लग्नाचे किमान वय अठरा झाले. कायदा झाला तरी यंत्रणा तयार होतेच असे नाही : २०१५ च्या सरकारी पाहणीत ४३ पोलीस दलांपैकी केवळ तीन पुरेशी सज्ज आढळली.

वाद : ‘त्यांच्या संस्कृतीत ढवळाढवळ नको’ म्हणत शासनाने या मुलींकडे बराच काळ पाठ फिरवली. समाजाचा आवाज म्हणून त्याने मशिदी-गुरुद्वारांतले वडीलधारे पुरुषच ऐकले. दुसरीकडे स्थलांतरितविरोधी पक्ष याच हत्या दाखवून सगळ्या समाजाला रानटी ठरवतात आणि व्हिसाचे नियम आणखी आवळू पाहतात; त्याचा फास पुन्हा नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईलाच बसतो. दोन्हीकडे ती माणूस म्हणून दिसत नाही. संस्कृतीचा मान राखणे म्हणजे तिच्यातल्या सर्वांत दुबळ्या माणसाचे ऐकणे, ही त्या समाजांतल्या स्त्रियांचीच भूमिका या वादात सर्वांत खरी ठरली आहे.

भारताचा संबंध : सुरजित अठवाल प्रकरणाप्रमाणे अनेकदा गुन्ह्याचा कट तिथे आणि जागा इथे असते, भारतात आणून सोडून दिलेल्या परदेशस्थांच्या पत्नींचा प्रश्नही त्याचाच भाग आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहात खाप पंचायतीने आडवे येणे बेकायदा ठरवले. महाराष्ट्रात जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध सामाजिक बहिष्कारबंदीचा २०१६ चा कायदा आहे. बिरादरी वाळीत टाकील, ही भीती ब्रॅडफर्डइतकीच आपल्याकडेही ओळखीची आहे.

स्मृतिदिन : २०१५ पासून ब्रिटनमध्ये १४ जुलै हा दिवस या हिंसेच्या बळींच्या स्मरणार्थ पाळला जातो. तो शफीलियाचा जन्मदिवस. ती गेली त्या दिवसाऐवजी ती जन्मली तो दिवस निवडला गेला आहे.