आप्पाकाकांचा आलेखाचा कागद

परवा इंदूरच्या घरातली जुनी पेटी आवरताना आप्पाकाकांचा एक आलेखाचा कागद हाती लागला. पिवळा पडलेला, त्यावर पेन्सिलीच्या दोन रेघा. रामबागेतल्या जुन्या मंडळींना तो किस्सा आठवत असेल.

नव्वदच्या दशकात स्पीकरच्या खोक्यांवर 'पीएमपीओ' वॅट छापायची साथ आली होती. हजार काय, दोन हजार काय! आमच्या मंडळाने गणपतीतल्या भजनासाठी असाच एक मोठा बेसचा खोका घेतला. आणला खजिनदारांनी, आणि ते काकांचे शाळेपासूनचे मित्र. मांडवात लावला तर पखवाजाची धुमच ऐकू येईना. वर्गणीचा पैसा, मग कुजबुज सुरू झाली. काका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे, म्हणून "तुम्हीच बघा" असं त्यांच्यावर आलं.

आता बेस मोजणं हे मोठं किचकट काम. 40 हर्ट्झच्या सुराची एक लाट साडेआठ मीटर लांब, 20 हर्ट्झची सतरा. आपल्या घरातली खोली ती केवढी! भिंतींवरून परतलेल्या लाटा मूळ लाटेत मिसळतात. एका जागी आवाज फुगतो, दोन पावलांवर गायब. त्यामुळे मोजमाप स्पीकरचं होतंय की खोलीचं, हेच कळत नाही. 1974 मध्ये डी. बी. कील या अमेरिकन अभियंत्याने एका निबंधात यावर तोड दाखवली. मायक्रोफोन स्पीकरच्या कोनाला अगदी चिकटेल इतका जवळ धरायचा. तिथे थेट आवाज एवढा मोठा असतो की खोलीचा वाटा नगण्य ठरतो, आणि त्यावरून मोकळ्या जागेतला बेस काढता येतो. म्हणजे कंपनीच्या शब्दावर विसंबायचं कारण उरलं नाही. घरच्या घरी कुणालाही तपासता येऊ लागलं. (खोका न फाटता किती जोरात वाजेल, हे मात्र यातून कळत नाही. त्यासाठीचं अमेरिकन मानक 2006 मध्ये आलं. ते पाळणारे परीक्षक खोका मैदानात नेऊन, माइक जमिनीवर ठेवून मोजतात.)

काकांनी ऑसिलेटर, माइक आणि मीटर जमवून रात्री वाड्यात मोजणी केली. आम्ही पोरं पंखा बंद करून श्वास रोखून बसलो होतो. पहिली रेघ माइक कोनाजवळ धरून काढलेली. ती 80 हर्ट्झच्या खाली सरळ ढासळते. दुसरी रेघ खोका कोपऱ्यात ठेवून, समोरच्या भिंतीपाशी माइक ठेवून. खोली बारा फुटांची. त्या रेघेला 47 हर्ट्झपाशी चांगली टेकडी आहे.

बैठकीत काकांनी पहिली रेघच दाखवली. आदल्या रात्री खजिनदार येऊन म्हणाले होते, "आप्पा, कागद फाडून टाक रे." काका म्हणाले, "पैसा मंडळाचा आहे." खोका परत गेला. खजिनदारांनी मात्र मंडळ सोडलं आणि आमच्याकडे येणंही.

मला वाटतं, दुकानातल्या कोपऱ्यात तो खोका खरंच घुमत असणार. त्यांच्या कानांनी त्यांना फसवलं नव्हतं, आणि त्याचा पुरावा काकांच्याच कागदावर होता. त्या दुसऱ्या रेघेखाली काकांच्या अक्षरात लिहिलंय, "बापूला दाखवणे." दाखवली नाही.