अर्ध्या मिलिमीटरची गोष्ट

आपल्या शाळेच्या वर्कशॉपमधला लेथ आठवतो का? टेक्निकल घेतलेल्या आम्ही मोजक्या मुली, आणि सरांचं ठरलेलं वाक्य: "कापलं की कापलं. लोखंड परत वाढत नाही." पुढे मी सॉफ्टवेअरमध्ये गेले. तिथे चुकलं तर मागे जाता येतं, त्यामुळे ते वाक्य विसरूनच गेले. अमेरिकेत ओरेगनला राहायला आल्यावर ते पुन्हा भेटलं, तेही चेनसॉच्या शर्यतीमुळे!

ओरेगन म्हणजे लाकूडतोड्यांचा मुलूख. इथल्या जोसेफ कॉक्स यांनी १९४६ साली लाकूड पोखरणारी अळी पाहिली. डावी-उजवीकडे चालणाऱ्या तिच्या जबड्यांवरून त्यांनी करवतीच्या साखळीचे नवे दात घडवले आणि १९४७ मध्ये पोर्टलंडच्या घराच्या तळघरात धंदा सुरू केला. पुढे लाकूडतोड्यांच्या पैजांमध्येही यंत्र आलं. १९८५ पासून भरणाऱ्या टिंबरस्पोर्ट्स स्पर्धेत 'हॉट सॉ' हा प्रकार असतो. स्वतः सुधारलेल्या करवतीने ओंडक्याच्या १५ सेंटिमीटर लांबीत तीन चकत्या कापायच्या. सगळा खेळ काही सेकंदांचा.

चेनसॉचं इंजिन आपल्या वडिलांच्या जुन्या स्कूटरसारखंच टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑईल घालून चालणारं. पण बहुतेक चेनसॉमध्ये सिलिंडर आणि हेड एकाच ओतकामात असतात. वजन वाचतं, पण हेड वेगळं काढता येत नाही. म्हणून काही हौशी कारागीर सिलिंडरचा माथाच कापून टाकतात, अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून नवं हेड लेथवर घडवतात आणि बोल्टने बसवतात.

या हेडच्या कडेला 'स्क्विश बँड' नावाचा पट्टा असतो. पिस्टन वर आला की कडेचं मिश्रण तिथून दाबून स्पार्क प्लगकडे ढकललं जातं आणि झटकन जळतं. ही कल्पना इंग्लंडच्या हॅरी रिकार्डोंनी पहिल्या महायुद्धानंतर मोटारींच्या इंजिनात रुजवली. पूर्व जर्मनीत एमझेडच्या वॉल्टर काडेन यांनी इतर सुधारणांच्या जोडीने ती रेसिंगच्या टू-स्ट्रोकमध्ये वापरली. १९६१ मध्ये त्यांच्या १२५ सीसी इंजिनाने २५ अश्वशक्ती गाठली. त्याच वर्षी त्यांचा स्वार एर्न्स्ट डेगनर पश्चिमेकडे पळाला आणि ही विद्या जपानच्या सुझुकीकडे गेली.

पिस्टन आणि हेडमधली ही फट साधारण अर्धा मिलिमीटर ठेवतात. जास्त झाली तर इंजिन ठोकतं. फार कमी झाली तर वेगात पिस्टन हेडवर आदळतो. माझ्या शेजारच्या वयस्क कारागिराच्या गॅरेजमध्ये ती मोजताना मी पाहिली. प्लगच्या भोकातून सोल्डरची तार आत घालायची, इंजिन हाताने फिरवायचं आणि चेपलेली तार मायक्रोमीटरने मोजायची. त्यांनी चार वेळा मोजलं, मगच लेथ चालू केला.

तेव्हा मला नववीतला माझा जॉब आठवला. मी व्यास अर्धा मिलिमीटर जास्त कापला होता. सर रागावतील म्हणून तो भंगाराच्या पेटीत लपवला आणि गुपचूप दुसरा तुकडा घेतला. त्या दिवशी माल कमी पडला. तुकडा हरवला म्हणून ओरडा बसला तो माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीला. ती रडली, मी गप्प राहिले.

सर, तो तुकडा मी घेतला होता. आणि मैत्रिणी, तू मेळाव्याला येणार आहेस असं कळलंय. तिथे सगळ्यांसमोर हे पुन्हा सांगेन.